वाघ वर्षवाल्यांनी बाहेर थांबावं

लो शेठच्या स्क्रूच्या कारखान्याला नवी चार मजली इमारत जोडायची ठरली, तेव्हा पळापळ कुणी करायची हा प्रश्नच नव्हता. ऑफिसातल्या युएशियाताई होत्याच. परवानगीसाठी खेटे त्यांनी घातले, कंत्राटदाराशी त्या भांडल्या, तिरक्या बसलेल्या फरश्या त्यांनीच उखडायला लावल्या. उद्घाटन झालं की त्या निवृत्त होणार होत्या. त्यांना हवं होतं ते एवढंच, की नव्या इमारतीत लागणाऱ्या फोटोत आपण असावं. त्यासाठी त्यांनी निळं जाकीट शिवून घेतलं होतं.

मुहूर्तही त्यांनीच काढून आणला. देवळातल्या चेन गुरुजींना त्यांनी शेठ, शेठाणी आणि दोन्ही मुलांची जन्मवर्षं सांगितली. चौघांनाही लाभेल असा दिवस निघाला. बारा प्राण्यांच्या नावांनी फिरणाऱ्या बारा वर्षांपैकी त्या दिवसाला वावडं होतं ते फक्त वाघ वर्षात जन्मलेल्यांचं, आणि युएशियाताई नेमक्या वाघ वर्षाच्या. स्वतःचं वर्ष सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमंत्रणं वाटून झाल्यावर हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

आदल्या दिवशी शेठाणी गोड आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं ताई. उदबत्त्या विझेपर्यंत जरा लांब थांबा. उगाच तुम्हालाच बाधायचं."

"हो ना, तुम्हाला माझीच तर काळजी," ताई म्हणाल्या. शेठाणींना टोमणा कळला की नाही, देव जाणे.

सकाळी ताई समोरच्या सोयादुधाच्या दुकानात जाकीट घालून उभ्या.

"एवढी नटूनथटून इथे काय करतेस गं?" दुकानवालीनं विचारलं.

"पहारा देतेय."

रस्त्यापलीकडे नव्या इमारतीसमोर टेबलावर नैवेद्याचं भाजलेलं डुक्कर आणि अननस मांडले होते. उदबत्त्या लागल्या, फटाके वाजले, फीत कापली गेली. कात्री शेठच्या मेव्हण्याच्या, कोच्या हातात होती. तो व्हिएतनामच्या कारखान्यावरून न कळवता आला होता. को आणि ताई शाळेत एकाच वर्गात होते. तोही वाघच. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा रस्ता ओलांडून दाराशी उभ्या शेठकडे गेल्या.

"शेठ, को पण वाघच ना?"

"हळू बोल," शेठ कुजबुजले. "अगं, तो हिचा भाऊ. त्याला कोण सांगणार? तू कशी, समजूतदार आहेस."

इतकी वर्षं हा शब्द ऐकून ताई खूश होऊन घरी जायच्या. आज तो त्यांना शिवीसारखा लागला.

"ताई, उदबत्त्या जळताहेत अजून," शेठाणी आडव्या आल्या.

"जळू देत."

त्या मोठ्या दारानंच आत गेल्या. फोटोवाला कॅमेरा पिशवीत भरत होता.

"माझा एक फोटो काढा."

"कुणाबरोबर?"

ताईंनी वळून पाहिलं. शेठ दारातच थांबले होते.

"एकटीचा," त्या म्हणाल्या.