परत गेलेले पाट

नागपंचमीनंतरच्या सोमवारी एक माणूस आमच्याकडे आला आणि त्याने त्याचा पाट परत मागितला. ताईने पाटावरची माती उतरवली, पाट धुतला आणि त्याच्या हातात दिला. आठवडा संपेपर्यंत एकोणतीस पाट गेले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हातखंब्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून दोन वहाळ ओलांडले की आमची वाडी लागायची. वडील गणपती करायचे. आमच्याकडे गणपती जिथे घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात, म्हणून जेमतेम सही करता येणाऱ्या माझ्या वडिलांना अख्खा गाव मास्तर म्हणायचा. मी रोज एस.टी.ने जाऊन रत्नागिरीत खरोखरीच्या शाळेत मराठी शिकवत होतो, पण गावात मला कुणी मास्तर म्हटलं नाही. ते योग्यच होतं.

आषाढ उतरला की घरोघरचे पाट आमच्या पडवीत यायचे. पाटाबरोबर नारळ आणि सुपारी. मूर्ती त्याच पाटावर घडायची, चतुर्थीला त्याच पाटासकट डोक्यावरून घरी जायची, आणि विसर्जनानंतर तोच पाट ओहळातली मूठभर वाळू घेऊन घरी परतायचा. पाट म्हणजे त्या घराचा शब्द होता. वाडीत निम्म्या घरांचं आडनाव एकच, त्यामुळे नावं लिहून उपयोग नसे. ताई पाट ओळखायची ते गाठीवरून, तुटक्या कोपऱ्यावरून, उंदराने कुरतडलेल्या पायावरून. "हा वरच्या आळीतल्या काकीचा. हिच्या पाटाला सुद्धा हिच्यासारखीच मान वाकडी," असं म्हणून ती तो फळीवर चढवायची.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही हा वेगळा विषय आहे आणि त्याचाही मला राग आहे, पण आज तो नको.

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याच सुमारास त्यांचा उजवा हात कापायला लागला. माती मळणं, सोंड वळवणं, बोटांच्या सवयीने होऊन जाई. आखणी मात्र होईना. आखणी म्हणजे डोळे काढणं. बाकी सगळं कुणीही करावं, डोळे मास्तरांनीच आखायचे, असा रिवाज. पहिल्या वर्षी ताईने एका मूर्तीचे डोळे आखले. वडिलांनी मूर्तीला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघितलं आणि "हं" म्हणाले. तिला मिळालेली परवानगी एवढीच.

आखणीच्या दिवसांत सकाळी पडवीचं दार लोटलेलं असायचं. पूर्वेच्या खिडकीतून उजेड यायचा. कुणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही. ताई पदर खोचून बसायची, श्वास धरायची आणि नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकच रेघ ओढायची. रेघ थांबली की गेली. मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका ठेवला की ती मागे सरून स्वतःशीच हसायची. सात-आठ मूर्ती झाल्या की बाहेर यायची, चहा मागायची, सूर सोडून गाणं म्हणायची आणि दुपारी दोन माणसांचं जेवायची. माणसाला आपल्या हातातल्या कामातून इतकं सुख होतं हे मी पुस्तकांत वाचलं होतं. बघितलं ते फक्त तिच्यात.

अशी चार वर्षं गेली. लोक मूर्ती न्यायला यायचे आणि वडिलांना म्हणायचे, "मास्तर, डोळ्यांत यंदा काय घातलंत हो? चुलीशी उभी ऱ्हायले तरी माझ्याकडंच बघतो." वडील म्हणायचे, "हात बसलाय आता." दाराआड ताई तोंडात पदर कोंबून हसत असायची. तिला त्यात गंमत वाटायची. मला वाटत नसे. मी तेव्हा खूप वाचायचो, आणि खूप वाचणाऱ्या तरुण माणसाला वाटतं तसं मला वाटायचं, की खरं छापून आलं की जग सुधारतं.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात माझा लेख आला. आमच्या शाळेवर होता. त्यात मी लिहिलं होतं की गेली चार वर्षं या मूर्तींना दृष्टी देणारा हात माझ्या बहिणीचा आहे. तिला मी विचारलं नव्हतं. अंक घेऊन मी एस.टी.ने घरी आलो तेव्हा ती सोंडेला हात देत होती. हात धुऊन, पुसून, तिने लेख उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"चांगलं लिहिलंय ताई. सगळं तुझं कौतुकच आहे."

"लिहिलंयस चांगलंच. वाचणार कोण, ते बघितलंस?"

मी काहीतरी मोठं बोललो. बदल, जागृती, असले शब्द. ती पुन्हा मातीकडे वळली.

सोमवारी तो माणूस आला. वरच्या आळीतला, गावात वजन असलेला, आमच्या लग्नकार्यात पंगतीत वाढणारा. पडवीच्या पायरीवर छत्री मिटून उभा राहिला.

"मास्तर, पाट द्या आमचा."

"का रे, काय झालं?"

"तसं काय नाय. यंदा रत्नागिरीतून आणायचा विचार हाय."

"पाटावर मूर्ती उभी आहे अर्धी."

"ती राहू दे. पाट तेवढा द्या."

दुसऱ्या दिवशी पाच जण एकदम आले. त्यात तो होता, त्याची बायकोही होती, आणि खरं ते तीच बोलली. "काय गो, चार दिवस कशी पाळायचीस?" तिने ताईला पायरीवरूनच, सगळ्यांसमोर विचारलं. "का नव्हतीसच पाळत? आमच्या घरात चार वर्षं देव आलाय त्यो कसला आलाय मग?"

मी तिथे होतो. मला पंधरा उत्तरं येत होती, सगळी पुस्तकातली. मी एकही दिलं नाही.

वडील म्हणाले, "पोरगं काय तरी लिहितं. डोळे मीच आखतो."

"मग आमच्यासमोर आखा," तो माणूस म्हणाला.

कोपऱ्यात आमच्या घरची मूर्ती वाळली होती. श्रावणात माती वाळत नाही, म्हणून ताईने तिच्याखाली भाताच्या तुसाची शेगडी ठेवून ती आधी करून घेतली होती. वडिलांनी ती पुढे ओढली. कुंचला उचलला. पाचही जण बघत होते. वडिलांनी कुंचला टेकवला आणि रेघ कोपऱ्यातून निघाली ती गालावर उतरली. त्यांनी ती तिथून वर घ्यायचा प्रयत्न केला. काळा रंग सोंडेपर्यंत आला. कुणी हसलं नाही, आणि ते हसले असते तर बरं झालं असतं असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

ताई आतून ओला फडका घेऊन आली. तिने वडिलांच्या हातातून कुंचला काढून घेतला, गाल पुसला, सोंड पुसली. मग फळीवरचे पाट उतरवायला लागली. कुणाचा कुठला हे तिला विचारावं लागलं नाही. ज्यांवर मूर्ती होत्या तिथे माती आणि पाट यांच्यामधून तिने तार ओढली. मूर्ती सुटून बाजूला कलंडत होत्या. मी म्हणालो, "ताई, गणपती आहेत ते." ती म्हणाली, "डोळे नाहीत अजून. माती आहे." आणि ती त्या माणसाच्या बायकोला म्हणाली, "काकी, काल नेलेल्या तुमच्या पाटाचा पाय ढिला झालाय. खिळा मारून घ्या, नाहीतर डोक्यावरून खाली येईल."

वडील त्या दिवशी मला एकच वाक्य बोलले. "लिहिता येतं म्हणून लिहायचं?" पुढे दोन वर्षं ते जगले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आपण पाच माणसांसमोर मुलीला नाकारलं याबद्दलही ते कधी काही बोलले नाहीत. त्यांच्यावरचा माझा राग त्यांच्याबरोबर गेला असं मी लोकांना सांगतो. गेलेला नाही.

त्या चतुर्थीला गावाचे गणपती ट्रकमधून आले. पेणकडून, साच्यातले, प्लास्टरचे, गवतात गुंडाळलेले. रत्नागिरीच्या बाजारात तो ट्रक उभा होता तिथे मी मुद्दाम गेलो आणि गवत उपसणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, की यांचे डोळे कोण आखतं. तो म्हणाला, "बायाच रंगवतात सगळं साहेब. त्यांचा हात हलका असतो."

ते मी धावत जाऊन ताईला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "मग बघत असेल की काकीकडे, चुलीशी उभी राहिली तरी," ती म्हणाली. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. मला वाटत होतं तिने रडावं, भांडावं, निदान मला शिव्या द्याव्यात. तिने त्यातलं काही केलं नाही. आणि मी? मी ते त्या माणसाला जाऊन सांगितलं का? नाही. रोज त्याच्या घरावरून एस.टी.च्या थांब्यावर जात होतो.

दोन पावसाळे ताईने आमच्या घरच्या एका मूर्तीपलीकडे मातीला हात लावला नाही. मग एकदा शेजारची दोन मुलं पडवीत पावसाची अडकली. ती कंटाळून भांडायला लागली म्हणून तिने त्यांना मातीचे गोळे दिले. दुसऱ्या दिवशी ती चौघांना घेऊन आली. असा तो वर्ग सुरू झाला आणि पुढची कितीतरी वर्षं दर पावसाळ्यात चालला. शनिवार-रविवारी पडवी भरलेली असायची.

तिची शिकवायची रीत मला आजही कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. कालवणातल्या कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, रिकामी पाठ, फणसाची आठळी, होडीचं तुटकं वल्हं, असं काहीतरी ती मुलांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "डोळे मिटा. हाताने बघा. दिसलं की करा."

"ताई, माझी कुर्ली चालत नाय."

"पाय किती दिलेस?"

"सहा."

"मग ती कुर्ली नाही, झुरळ आहे. जा, आईला विचार किती असतात."

"डेंगे धरून दहा, आई बोलली."

"आईला अक्कल आहे. तू कुणावर गेलास?"

पडवीभर हशा. मुलं गेली की ती त्या दहा पायांच्या वाकड्या कुर्ल्या एकेक उचलून बघत बसायची, आणि तिचा चेहरा मला पुन्हा त्या पूर्वेच्या खिडकीतल्या सकाळच्यासारखा दिसायचा. रविवारी ती दोन माणसांचं जेवायची.

आणि मग त्या माणसाने आपली नात पाठवली. पाठवली कसली, तो स्वतः घेऊन आला. त्याच पायरीवर उभा राहिला. "पोरीचा हात चांगला हाय म्हणतात. जरा शिकव गो तिला."

मी आत उठून उभा राहिलो. ताई म्हणाली, "बस गो बाळ, तिकडे कोपऱ्यात जागा आहे." तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात एकदाच ओरडलो, आणि तेही तिच्यावर, ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर नाही. ती हात पुसत म्हणाली, "पोरीने काय केलंय? आणि तिचा हात खरंच चांगला आहे, बघ जाऊन." मी बघितलं नाही. ती मुलगी चार पावसाळे आली. ताईने तिला रेघ ओढायला शिकवली. श्वास धरायला शिकवलं. माझ्या देखत ते सगळं तिने त्या घराला देऊन टाकलं.

ताई गेल्या माघात गेली. तेराव्याला तो माणूस आला होता. आता म्हातारा, काठी टेकत. जेवण झाल्यावर ओटीवर बसून तो दोन मुंबईकरांना सांगत होता, "देवाचे डोळे आखायची हो. आमच्याकडचे चार वर्षं तिनेच आखलेले. आमच्या घरात म्हायती होतं सगळ्यांना. असा हात पुन्हा होणे नाय."

मी हातात विड्याचं ताट घेऊन उभा होतो. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, पुष्कळ वर्षं तयार होतं. मी ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने विडा घेतला.

म्हणून हे लिहितो आहे. या वेळीही तिला विचारता आलेलं नाही. पहिला लेख मी तिचं कौतुक व्हावं म्हणून लिहिला होता आणि त्याने तिच्या हातून गावाचे देव गेले. हा कशासाठी लिहितो ते मला सांगता येत नाही. त्या माणसाने वाचावा अशी इच्छा आहे, पण त्याला आता दिसत नाही असं कळलं.

आमच्या घरचा गणपती मात्र ती दरवर्षी करत होती. आमच्याच पाटावर, गेल्या वर्षीच्या भाद्रपदापर्यंत. डोळे तीच आखायची, दार सताड उघडं ठेवून. यंदा तिचं वर्ष व्हायचं आहे म्हणून गणपती बसवला नाही. पाट पडवीतल्या फळीवर आहे. त्यावर गेल्या विसर्जनाची वाळू आहे.