माजी न झालेले सासरे

माणसाला घटस्फोट बायकोपासून मिळतो, सासऱ्यापासून नाही, हे मला एकाही वकिलाने सांगितलं नव्हतं. ते मामांनी स्वतःच्या वागण्याने सिद्ध केलं. मामा म्हणजे माझे सासरे. नाशिकच्या कोर्टाच्या आवारात एकदा मी कुणाला तरी त्यांची ओळख 'माजी सासरे' अशी करून दिली, तर त्यांनी मला बाजूला घेतलं. "आमदार माजी होतो, जावईबापू. सासरा नाय होत."

मामांचं उभं आयुष्य लासलगावला कांद्याच्या व्यापारात गेलेलं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते आधी अंगठ्याने दाबून बघतात. माझ्या वकिलाशी हात मिळवून झाल्यावर ते माझ्या कानात म्हणाले होते, "वरून कडक हे, आतून नरम." पुढे ते खरंच निघालं. प्रत्येक तारखेला ते येत लेकीबरोबर आणि बसत माझ्या शेजारी. तिच्या बाजूने बोलायला वकीलबाई आहेत, तुमच्याजवळ कोण हे, असा त्यांचा सवाल असे, आणि खरोखरच माझ्याजवळ कुणी नसे. मधल्या सुट्टीत ते डबा उघडून दोन्ही वकिलांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढत. बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे, असं लेकीने एकदा चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्याही हातावर भाकरी ठेवली.

निकाल लागला. मुलगी आईकडे आणि दर रविवारी अकरा ते पाच माझ्याकडे. मामा लासलगाव सोडून लेकीच्या घरी राहायला आले. इकडे मी एकट्याचा संसार थाटला. कुकरच्या तळातही पाणी घालावं लागतं, हे मला तो जळल्यावर कळलं. त्याचं काही नाही, जगात कुकर पुष्कळ मिळतात. पण आमची दहा वर्षांची अनू माझ्यासमोर हसेनाशी झाली, ते मात्र सोसवत नव्हतं. मी तिला धरणावर नेई, मिसळ खाऊ घाली, माझे ठेवणीतले विनोद सांगे. पाहुण्याशी बोलावं तशी ती "हो", "छान आहे" म्हणे आणि पाच वाजले का ते बघे. रविवारचा बाप हा शेवटी पाहुणाच, असं मलाही वाटू लागलं होतं.

अशात अधिक महिना आला. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जोडीने पाटावर बसवून ओवाळायचं, अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मामांचा फोन आला, धोंड्याचं जेवायला या. मी चाचरत म्हटलं, आता ते कसं जमेल, तुमच्या लेकीला विचारलंत का?

"विचारलं. ती म्हणली, बोलवा. मी मैत्रिणीकडं जाते."

गेलो. अनारसे मामांनी स्वतः तळले होते आणि ते तुपात विरघळून त्यांचा जवळजवळ शिरा झाला होता. सवयीने पाट मात्र दोन मांडलेले. एकावर मी बसलो. दुसऱ्याकडे न बघता कुठे बघावं ते कळेना. त्यात शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या की जोडीशिवाय हे वाण देत नाहीत. मामांनी थोडा विचार केला, धोतर सावरलं आणि गुडघे धरत धरत येऊन माझ्या शेजारच्या पाटावर बसले. टोपी नीट केली.

"घ्या, झाली जोडी. अनू, ओवाळ."

अनूने ताम्हण उचललं, आम्हा दोघांकडे बघितलं आणि ती हसली. इतकी हसली की हळदकुंकू सगळं मामांच्या धोतरावर सांडलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी अनारशाचा शिरा तोंडात कोंबला. निघताना तीच म्हणाली, "बाबा, रविवारी दहालाच ये."

रविवारी मी दहाच्याही आधी पोहोचलो. हल्ली मामांना जिना झेपत नाही, तरी ते खाली उतरून फाटकापाशी भाजीवाल्याच्या गाडीवरचा एकेक कांदा दाबत उभे होते. मला बघताच त्यांनी कांद्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना चढायला माझा खांदा धरला. पुढचा अधिक महिना अजून लांब आहे. तोवर हा हात असाच खांद्यावर राहू दे, एवढंच मी हल्ली देवाजवळ मागतो.