जज्जाच्या पोराच्या दारात

बायको जाऊन दीड महिना झाला. तिच्या तेराव्याला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून माझंच तोंड मला कडू लागतंय. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीबी अर्धी उर्दूत. चुकलं तर चुकलं.

निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमच्या हट्ट्याच्या शिवारात पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत काठ्या चालल्या आणि एक माणूस मेला. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्या दिवशी माझ्याच खळ्यावर ज्वारी उफणत होता. तरी त्याचं नाव घातलं. ज्यानं घातलं त्यानं कचेरीत शपथ घेतली आणि घरी जाऊन पोटभर जेवला असंल. माझी साक्ष सोयऱ्याची म्हणून धरली न्हाई. सात वर्षांची सजा झाली.

बायकोची आई लवकर गेलेली. या पोराला तिनंच कडेवर वाढवलेलं. सजेचं ऐकून ती रडली न्हाई. मला म्हणाली, "तुमी बोलता लई. आता त्याला घिऊन या."

वकिलानं निजामाच्या राजधानीच्या शहरात मोठ्या अदालतीत अपील टाकलं. तिथल्या जज्जानं दोन दिवस सगळं ऐकून घेतलं. वकील खुशीत होता. फक्त फैसला लिहायचा राहिला होता, तेवढ्यात जज्ज वजीफ्यावर गेला. वजीफा म्हणजे पेन्शन. वय झालं, गेला, त्याचं मला काही न्हाई. पण पंधरा दिवस त्याचे हार, फोटो आणि चहापाणी चाललं होतं. दिवाणखान्यात बसून खारे काजू खायला सवड होती, आमचा एक कागद लिहायला नव्हती.

वकील म्हणाला, "नवीन जज्ज येईल, तो पुन्हा पहिल्यापासून ऐकेल."

"कोण येणार?"

"ते वरून ठरतं. थांबा."

गावात येऊन सांगितलं, तर सासरे म्हणाले, "वरून काय ठरायचं त्यात? त्याचं पोरगं असंल की."

आमच्याकडं पाटील मेला की पाटलाचं पोरगं पाटील. देशमुखाच्या मागं देशमुखाचं, काजीच्या मागं काजीचं, देवळातला गुरव तसाच. दुसरं काही आमी पाह्यलंच नव्हतं. सासरे म्हणाले, "जावई, आत्ताच त्याला धरा. गादीवर बसल्यावर आपल्याला कोण विचारून राहिलं!" पारावर आठदहा माणसं बसली होती. एकालाही हसू आलं न्हाई. मलाबी बराबर वाटलं.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात एक म्हैस. बायको सगळं दूध विरजायची आणि डबाभर तूप साठलं की माझ्या हाती द्यायची. आमची लेकरं कोरडी भाकर चटणीला लावून खायची. वसमतला गाडीत बसायचं, पूर्णेला उतरायचं. पूर्णेहून एक गाडी शहराकडं जाती, दुसरी औरंगाबादेकडं. मेव्हणा औरंगाबादेच्या बाजूला तुरुंगात होता. शेत सोडून दोन्हीकडं जाणं जमत नव्हतं. मी म्हणायचो, तुरुंगात जाऊन नुसतं रडणं हाये, सुटका हिकडं हाये. आणि दर वेळी शहराच्या गाडीत चढायचो.

जज्जाचं पोरगं तिशीचं. रेशमी पायजमा, तोंडात पान, गच्चीवर कबुतरं. मी खाली वहाणा काढून तासंतास बसायचो. त्याला 'सरकार' म्हणायचो. तो डबा उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "हो जाएगा, पटेल, हो जाएगा. अगली बार शहद भी लाना." पटेल म्हणजे पाटील; खेड्यातल्या कोणालाबी ते तसंच म्हणायचे. पुढच्या वेळी मी मधाच्या पोळ्यासाठी ओढ्याकाठच्या झाडावर चढलो, तोंड सुजवून घेतलं. एकदा म्हणाला, गडी आला न्हाई, कबुतरांची खुराडी साफ कर. केली. हातानं केली. आपण जज्ज होणार न्हाई हे त्याला ठाऊक होतं, तरी त्या भाड्यानं एकदाही तसं म्हटलं न्हाई.

असे अकरा महिने गेले. एकदा तसाच अदालतीवर गेलो आणि तिथल्या चपराशाला विचारलं, "बडे सरकार के साहबजादे कब बैठनेवाले?"

त्याला आधी कळलं न्हाई. कळलं तेव्हा भिंत धरून हसला. "अरे पटेल, ये अदालत है, तुम्हारी पटेलगिरी नहीं! बाप उठा तो बेटा बैठेगा?" मग दुसऱ्या चपराशाला हाक मारून सांगितलं. तोबी हसला. मीबी त्यांच्यासंगं हसलो. ते आठवलं की आजबी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

जागा रिकामी का होती तेबी त्यानंच सांगितलं. वरच्या साहेबांत एक म्हणे निजामाच्या मुलखातलाच माणूस पाहिजे, दुसरा म्हणे बाहेरून आणा. कोणाला आपला व्याही बसवायचा होता, कोणाला आपला भाचा. त्यांची ओढाताण चालली होती आणि आमचं पोरगं आत कुजत होतं.

शेवटी कोणीतरी आला. नव्या जज्जानं आमचं अपील सकाळी घेतलं आणि दुपारच्या सुट्टीच्या आत मेव्हण्याला मोकळं केलं. एवढंच काम होतं.

बायको म्हणाली, "त्या कबुतरवाल्याचं त्याला सांगू नका. आपण किती येडे हे त्याला काहून कळावं?" मी त्या फेऱ्यांचं त्याच्याजवळ कधी काढलंच न्हाई.

मेव्हणा आला, पण पहिला राहिला नव्हता. 'अक्का, अक्का' करणारं पोरगं तिच्याशी कामापुरतं बोलू लागलं. मळ्यात छप्पर घालून वेगळा राहिला. लग्न केलं न्हाई. भाऊबीजेला यायचा, पाटावर बसायचा, मान वर करायचा न्हाई. ती म्हणायची, तुरुंगानं खाल्लं माझ्या लेकराला. असंच म्हणत ती गेली.

तेराव्याला माणसं उठून गेल्यावर आमी दोघंच ओसरीवर उरलो. आता लपवायचं कोणासाठी, म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. जरा हसंल असं वाटलं. हसलाबी.

"दाजी, तुमी कबुतराची घाण काढली?"

"काढली."

"कवा?"

"तू आत होता तवाच. जज्ज नव्हता त्या साली."

तो म्हणाला, "त्या साली मला भेटायला कोणीच आलं न्हाई. भेटीच्या दिवशी एकेकाचं नाव पुकारायचे. मी नहाऊन बसायचो. मला वाटलं, अक्कानं टाकलं मला."

"मग विचारलं काहून न्हाईस?"

"काय विचारू? मला टाकलं का म्हणून?"

मी म्हणालो, "तिनंच सांगू नका म्हणलं व्हतं."

"आन तुमी ऐकलं," तो म्हणाला. "जलमात तिचं एकदा ऐकलं दाजी, ते बी हेच."