करड्यातलं करडं

माणूस समोर आला की सर आधी त्याच्या मागची भिंत बघायचे. "आज त्या भिंतीपुढे उभी राहू नकोस, पुसली जातेस," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझा ड्रेस राखाडी होता आणि भिंतही तशीच, एवढंच. तरी पुढचा आठवडाभर मी भडक कपडे घालून कामाला गेले, हेही खरं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. क्लास सरांचाच, ते फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. मागच्या खोलीत, खिडकीला काळं कापड लावून, त्यांनी स्वतः लिहिलेला एक गेम मांडला होता. स्क्रीनवर करडं पाणी आणि त्यात करडा मासा. तो डावीकडे आहे की उजवीकडे, ते कीबोर्डवरची कळ दाबून सांगायचं. बरोबर आलं की पुढचा मासा आणखी फिका. "पांढऱ्यावरचं काळं कुणीही वाचतं गं. करड्यातलं करडं दिसतं का, ते मोजायचं," म्हणायचे. म्हणून पोरं त्यांना करडे सर म्हणायची. क्लासच्या दारात मासे विकायला येणाऱ्या, खाडीवरच्या हिराबाई कोळणीला अक्षरओळख नव्हती, पण तिने आम्हा सगळ्यांना हरवलं. "पान्यान बघाची सवय हाय आमाला," ती म्हणाली. सरांनी उठून तिला नमस्कार केला.

रोज सकाळी ते स्वतःही खेळायचे आणि त्यांचा आकडा मी आलेखावर मांडायचे. रेघ उतरत चालली होती. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र ते घडाघडा वाचत, त्यामुळे घरी कुणी मनावर घेईना. आलेखावर त्यांनी एक लाल रेघ ओढून ठेवली होती. "हिच्या खाली गेलो की स्कूटर बंद." त्या स्कूटरवरून ते नातीला, सईला, शाळेत सोडायचे. बायको गेल्यापासून तो अर्धा तास हेच त्यांचं सुख होतं.

लाल रेघ बोटभर अंतरावर आली तेव्हा मला बघवेना. सर यायच्या आधी मासा थोडा ठळक दिसावा म्हणून मी मॉनिटरचं कॉन्ट्रास्टचं बटण जरासं फिरवलं. त्या दिवशी रेघ वर गेली. "डोळे परत आले बघ!" म्हणत सरांनी सगळ्यांना बटाटेवडे खिलवले. मग मी रोजच बटण फिरवत राहिले. मूर्खपणा म्हणा, माया म्हणा.

डिसेंबरात एका सकाळी खाडीकडून दाट धुकं आलं. मी रस्ता ओलांडत होते. समोरून सरांची स्कूटर आली, मागे सई. सरांनी थेट माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी हसून हात केला. स्कूटरचा वेग जराही कमी झाला नाही. मी मागे उडी मारली आणि हँडल माझ्या ओढणीला घासून गेलं.

अर्ध्या तासाने सर क्लासमध्ये आले ते प्रसन्न चेहऱ्याने. "आज रस्ता अगदी रिकामा होता गं."

मी सगळं सांगून टाकलं, बटणासकट. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू नक्की कुठे उभी होतीस?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुला उडवून आलो असतो, तरी रस्ता रिकामाच होता म्हणालो असतो." त्यांनी बटण जागेवर आणलं आणि खेळायला बसले. तिसराच मासा दिसला नाही. स्कूटरची किल्ली त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाच्या हातात दिली. बटणाचं मात्र त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही. ते मला अजून टोचतं.

वर्षभराने सरांच्या घरचे सगळे डोंबिवली सोडून माजिवड्याला राहायला निघाले. मी भेटायला गेले तेव्हा संध्याकाळ झाली होती, दिवे लागायचे होते. सर दारातच होते. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी, हाक मारणारच होते. माझ्याकडेच बघत सर सईला म्हणाले, "ती आली नाही वाटतं."

"आजोबा, ताई समोर तर आहे!"

सर हसले आणि त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिथे. मी मुकाट्याने सरकून त्या हातासमोर उभी राहिले.