विहिरीवरचा तेलाचा तवंग

ती विहीर आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग, काठावर रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बाया. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जबानी लिहिताना माझा हात थांबला तो एकदाच, याच विहिरीच्या तपासात.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी वसईला फौजदार म्हणून नवाच हजर झालो होतो. आमच्या घरात माझ्या आधी सगळे अंगठा उठवणारे. मी बी. ए. होऊन खात्यात आलो. ठाण्यातले हवालदार पाठीमागे मला 'कॉलेजवाले साहेब' म्हणत. ते चिडवायला म्हणत, पण खरं सांगतो, मला ते ऐकायला आवडायचं.

वसईच्या पाचूबंदरातल्या कोळ्यांच्या होड्यांना तेव्हा नुकती इंजिनं बसू लागली होती. इंजिन आलं तसं त्यातून काढलेलं जळकं तेलही आलं. पहिल्यांदा लोक ते सरळ खाडीत ओतत. मग बंदरावरचाच एक कोळी डबे घेऊन होडीहोडीवर फिरू लागला. दोरात सापडून त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली होती, त्यामुळे मासेमारी सुटली होती. जमवलेलं तेल तो पिंपात निवळत ठेवी, तरटातून गाळी आणि विकी. मिठागरवाले ते फळ्यांना चोपडत, जवळच्या वाडीतले बागायतदार कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावत, गाडीवान चाकांना घालत. त्याला सगळे तेलवालाच म्हणत. माणूस कामाचा, पण तोंडाने फाटका.

बंदर आणि ख्रिस्ती बागायतदारांची वाडी यांच्या मधे एक गोड्या पाण्याची विहीर होती. जमीन वाडीतल्यांची, पण पाणी दोघं भरत. एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना वाडीतला एक वयस्क बागायतदार धापा टाकत आला.

"साहेब, विहिरीत तेल ओतलंय. पिण्याचं पानी नासवलं. तेलवाल्याचंच काम. परवा काठावर डबे धूत होता, मी हाकललं, तर म्हनतो कसा, 'एक दिवस सगला डबाच ओततो तुमच्या पान्यात!' चारचौघांनी ऐकलंय."

खबर स्टेशन डायरीत घेऊन आम्ही निघालो. पोचलो तेव्हा तेलवाल्याच्या झोपडीपुढे वाडीतली माणसं काठ्या घेऊन उभी होती आणि समोर बंदरावरची माणसं वल्ही घेऊन. आणखी थोडा वेळ गेला असता तर प्रेतं मोजावी लागली असती. मी तेलवाल्याला डब्यांसकट गाडीत घातलं. जमावाला ती अटक वाटली. मी वाटू दिली.

ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"ओततो असं म्हणालास की नाही?"

"म्हनालो. रागात मानूस काय काय म्हनतो. माझी बायको मला रोज समुद्रात बुडवीन म्हनते, तरी मी कोरडाच हाय."

"तेल कुणाचं?"

"माझंच. बंदरावर दुसरा कोन विकतो? पन साहेब, ज्यावर माझं पोट ते पान्यात ओतून मी खानार काय? आन माझी बायको पानी कुठलं भरते? त्याच विहिरीचं ना!"

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, दोन द्या ठेवून. आपोआप बोलेल."

मी नको म्हटलं. माझा अनुभव तेव्हा थोडा होता, पण एक गोष्ट मी पाहिली होती. खोटं बोलणारा तुमच्या तोंडाकडे बघत बोलतो, आपलं बोलणं पटतंय का ते तपासत. हा माणूस चहाच्या कपाकडे बघत होता. आणि दुसरा कप मागत होता.

दुपारी आम्ही विहिरीचा पंचनामा केला. पंच मुद्दाम एक वाडीतला घेतला, एक बंदरावरचा. शिपाई आत उतरला आणि पायऱ्यांखालून त्याने एक पुरचुंडी वर आणली. सुंभाने बांधलेली, दगड घालून जड केलेली, आत तेलात भिजवलेला लाकडाचा भुसा.

"विहिरीला दृष्ट लागू नये म्हणून बांधली की काय?" हवालदार म्हणाला.

मी ती उलटून पाहिली. बाहेरून तरट, पण आतून लाल चौकटीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तसलं लुगडं वाडीतल्या बायका नेसत. आणि पाणी नासवायला आलेला माणूस डबा उपडा करून पळतो. थेंबथेंब तेल सुटावं म्हणून तो पुरचुंडी बांधत बसत नाही.

अशा पिशव्या मी रेल्वेच्या कडेच्या डबक्यांत तरंगताना पाहिल्या होत्या. मलेरिया खात्याची माणसं डास मरावेत म्हणून टाकत. त्यांच्यातल्या एकाला ठाण्यात बोलावून घेतलं.

"रीत आमचीच," तो पुरचुंडी बघून म्हणाला, "पण ही आमची नाही. पिण्याच्या विहिरीत आम्ही तेल टाकत नाही, गप्पी मासे सोडतो."

"याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

तो जरा घुटमळला. "वाडीतली एक बाई. तिची मुलगी हिवतापानं गेली. रोज वाटेत गाठायची. डबक्यांत टाकता, मग विहीर का सोडता? मी म्हणायचो, बाई, तिथं मासे आहेत. तर म्हणायची, मासा डास खाताना तुम्ही पाहिलाय का?"

त्याने दाखवलेल्या घरासमोर आम्ही उभे राहिलो, तर दारात सकाळचा तो बागायतदार. ती त्याचीच सून होती.

आत चटईवर एक लहान मुलगा तापाने फणफणत पडला होता. ती त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. लुगड्याचा तुकडा मी पुढे केला. ती उठली नाही, रडलीही नाही.

"मीच टाकलं, साहेब. कुंपनाला म्हनून तेल आनलं व्हतं. थोडं थोडं सुटंल, वरच्यावर पसरंल, खालचं पानी चांगलं राहील, असं वाटलं. मुलगी गेली. आता हा पडला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "डास मेलं का, साहेब?"

दोन ठेवून द्या म्हणणारा हवालदार अंगणात निघून गेला. सासरा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. जबानीत 'मीच टाकलं' एवढं लिहून माझी लेखणी थांबली.

सार्वजनिक पाणी घाण केल्याचा गुन्हा नोंदवावाच लागला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला ताकीद देऊन सोडलं. ती कोर्टात उभी राहिली तेव्हा मुलगाही उरला नव्हता.

तेलवाल्याचा काही दोष नाही, अशी दवंडी मी पाटलाकडून दोन्हीकडे पिटवली. विहीर उपसली, पाणी पुन्हा गोड झालं. मला वाटलं, आता मिटलं. पण वाडीतल्यांनी बंदरावर निरोप धाडला. बंदरावर जळकं तेल साठवाल तर विहिरीवर येऊ नका. निरोप धाडण्यात पुढे तोच बागायतदार. मी त्याला बोलावून विचारलं, "अहो, ज्याच्यावर काठी उगारलीत तो निर्दोष निघाला. तुमच्याच घरात उलगडा झाला. मग हे काय?"

तो म्हणाला, "पन तेल त्याचंच होतं ना, साहेब?"

बंदरावरच्यांनी वाद घातला नाही. त्यांना पाणी हवं होतं. होड्यांवरचं तेल तेलवाल्याला मिळेनासं झालं आणि पुन्हा खाडीत जाऊ लागलं.

कॉलेजात मी शिकलो होतो की सत्य बाहेर आलं की अन्याय संपतो. या तपासाने मला दुसरंच शिकवलं. ज्याच्यावर आपण विनाकारण हात उगारला, तो माणूस पुन्हा डोळ्यांसमोर नको असतो. त्याचा अपराध नसतो, म्हणूनच तो नकोसा होतो. त्यावर पोलिसाकडे कलम नाही.

तेलवाला शेवटचा ठाण्यात आला तो मुद्देमालातले डबे परत घ्यायला. पावतीवर त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्या दिवशी तोंडात एकही शिवी नव्हती.

"साहेब, मी सुटलो ना?"

"सुटलास. कागदोपत्री तुझ्यावर काही नाही."

"मग आता जाऊ कुठं ते पन सांगा," तो म्हणाला, आणि डबे तिथेच ठेवून किनाऱ्यावरच्या कळंब गावी मुलीकडे निघून गेला.