नळाला बांधलेली सुतळी

माझे बाबा बेकरीत भट्टीवर कामाला होते. संध्याकाळी जायचे, रात्रभर पाव भाजायचे, सकाळी तेच पाव सायकलवरून घरोघरी टाकायचे आणि दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. घर एका खोलीचं. त्यामुळे शाळेतून आल्यावर मी आणि ताई कुजबुजतच बोलायचो. शेजारी म्हणायचे, "किती गुणी मुली!" गुणी कसल्या, जीव नुसता घुसमटायचा. गळका नळ टपटपायचा, तर आईने त्यालाही सुतळी बांधली होती. थेंब आवाज न करता तिच्यावरून खाली घसरायचा.

परवा बाबांनी काम सोडलं. जेवताना मला सहज म्हणाले, "गणितात नापास झालीस तेव्हा प्रगतिपुस्तक कपाटामागे लपवलं होतंस ना?"

मी ताईकडे डोळे वटारून पाहिलं.

बाबा हसले. "ती कशाला सांगेल? मी जागाच असायचो. तेवढेच चार तास मला तुमच्याबरोबर मिळायचे. डोळे उघडले असते, तर तुम्ही तोंडं मिटली असती."

"मग झोपायचात कधी?"

"मैदा मळून फुगायला ठेवला की तासभर, तिथेच पोत्यांवर."

मला रागच आला. मी आईकडे वळले. "आणि तू उगाच सुतळ्या बांधत बसलीस!"

"उगाच कशाला?" आई ताटं उचलत म्हणाली. "नळाच्या आवाजात त्यांना तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं."