काकाजींचं न संपणारं जेवण

आमच्या काकाजींच्या दारावरून उपाशी पोटी गेलेला माणूस अख्ख्या मोहाडी तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो काकाजी घरी नसताना गेलेला असणार. काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका, राहणार आंधळगाव. चिखल्याहून मँगनीज घेऊन निघालेल्या एका ट्रकचं चाक त्यांच्या घरासमोर पंक्चर झालं, तर चाक बदलून होईस्तोवर ड्रायव्हरची आंघोळ होऊन तो पाटावर बसलेला होता. आपला माल आज पोचायचा आहे, हे तो बिचारा भाताच्या डोंगराआडून सांगत होता. मी मुळात कमी जेवणारा आणि आग्रहाला चिडणारा माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा वरण नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. काकाजींनी शांतपणे माझ्या हातावरच वरण ओतलं. वर म्हणाले, "हात काढा जवाई, थंडं होऊन राहिलं." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर ताटावर हात धरत नाही.

गावात कुणाचंही लग्न असो, विहारासमोरच्या मांडवात पंगतीचा कारभार काकाजींकडे. आलू-वांग्याची भाजी कुणाच्या पानात संपली, बुंदी कुणापर्यंत पोचली नाही, हे त्यांना मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. त्यांचा एकच नियम होता: मांडवातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. मग तो बँडवाला असो नाहीतर भांडी घासणारी बाई. एका लग्नात त्यांची पाळी येईपर्यंत सगळंच संपलं. मुलीचा बाप ओशाळला असता, म्हणून काकाजी पाठ फिरवून तांब्याभर पाणी प्यायले आणि त्याच्या जवळ येऊन मोठ्ठा ढेकर दिला. मी शेजारीच होतो. त्या ढेकराला मी अजून हसतो, पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं, हेही खरं.

या माणसाच्या आतड्याला पीळ पडला. भंडाऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं, आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढला, दोन टोकं जोडली, आणि काही दिवसांतच तो जोड आतून झिरपायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आतड्याला पूर्ण विश्रांती हवी, अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. जोड आपोआप भरला तर भरला. परत पोट उघडायची वेळ आली तर एवढ्या अशक्त शरीराला ते झेपेल असं वाटत नाही. तोवर सगळं पोषण शिरेतून द्यायचं. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी बसवली आणि दुधासारखी पांढरी पिशवी वर टांगली. तिच्यात साखर, प्रथिनं, चरबी, क्षार असं सगळंच होतं. पिशवी नागपूरहून यायची, संध्याकाळी लागायची आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत एका यंत्रातून थेंबथेंब उतरत राहायची. काकाजींचे गाल आत गेले होते आणि मनगट माझ्या मुलीच्या मनगटाएवढं झालं होतं. मी रोज तुमसरहून कामावरून सुटलो की तिथे जायचो आणि आधी त्यांच्या खाटेजवळच्या ताप लिहिलेल्या कागदाकडे बघायचो. नळीच्या वाटेने जंतू शिरले तर खेळ खलास, असं सिस्टरने स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

काकाजींनी मात्र तिथेही पंगत मांडली. मधूनमधून वाजणाऱ्या त्या यंत्राला त्यांनी 'वाढपी' नाव ठेवलं. "मोठा कंजूस वाढपी हाये," ते मला म्हणाले, "थेंब थेंब वाढते, अन् वरून बोंबलते." पिशवी घेऊन सिस्टर आली की "आज काय हाये?" असं विचारायचे. ती म्हणायची, "कालचंच." इथवर ठीक होतं. पण सगळा वॉर्ड जेवल्याशिवाय ते पिशवी लावू देत नसत. खाटेखाटेवर आवाज टाकायचे, "जेवले का?" उत्तर आलं की पुढची खाट. शेजारच्या खाटेवर बपेऱ्याचा एक माणूस होता. त्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, म्हणून त्यालाही उपाशी ठेवलेलं. काकाजी अडून बसले. जुनी पिशवी संपत आलेली, सिस्टर बोटातून रक्त काढून साखर तपासतेय, आणि हे म्हणतात, "त्याचं होऊ द्या पहिले." शेवटी बपेऱ्याचा माणूसच हात जोडून म्हणाला, "दादा, मी जेवलो समजा अन् तुमी बसा पंगतीले." तेव्हा कुठे पिशवी लागली. मी बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

काकू सगळा वेळ खाटेशी स्टुलावर असायच्या. माझी बायको रोज डबा पाठवायची, डबा रिकामा आणि घासलेला परत यायचा. काकू नीट जेवतात म्हणून आम्ही एका काळजीतून मोकळे होतो.

काकाजी अडून बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून लवकर सुटून आत शिरत असताना काकू पाण्याची कॅन भरायला उठल्या आणि खाटेच्या पायाशीच कोसळल्या. सिस्टर धावली. आम्ही त्यांना बपेरेवाल्याच्या रिकाम्या खाटेवर घेतलं, तो तेव्हा ऑपरेशनला आत होता. रक्तदाब खाली, साखर खाली. सलाइन लावता लावता सिस्टरने विचारलं, "मावशी, सकाळपासून काय खाल्लं?" दुसऱ्यांदा विचारल्यावर काकूंनी हळूच त्या पांढऱ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"ह्यायचं जेवण झालं कुठं अजून?"

आम्हाला समजायला जरा वेळ लागला. घरी सगळ्या दुनियेनंतर काकाजी जेवायचे आणि काकाजींचं झाल्यावर काकू. इथेही त्यांनी तेच धरलं. नळीतून का होईना, माणूस जेवतोय, मग त्याचं होईपर्यंत थांबायचं. आणि ती पिशवी तर आठ प्रहर चालूच. जुनी काढून नवी लावेपर्यंत जो काय वेळ मिळे, तेवढ्यात त्या कोपऱ्यात जाऊन दोन घास गिळत. बाकी चहावर. डबा बपेरेवाल्याच्या बायकोला देऊन टाकत. काकाजी रोज सगळ्या वॉर्डाला विचारायचे, पण काकूंना विचारायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

काकाजींचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "बंद करा हे, सिस्टर." आणि हात मानेकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. सिस्टर पलीकडून हळू आवाजात सांगत होती, "काका, ओढू नका. आत हवा जाईल, रक्त जाईल. साखर एकदम पडेल. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये आहेत." त्यांच्या बोटांत नळी होती. एवढ्या वाळलेल्या माणसात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. मला ओढायचीही भीती आणि सोडायचीही.

"सोडा जवाई," ते म्हणाले. "बाई उपाशी हाये अन् मी खाऊन राहिलो."

"हात काढा," पलीकडच्या खाटेवरून काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण काकाजींना हुकूम देताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "तुमी ते काढलं, तं मी याच्यानंतर कदीच नाई जेवणार. पाह्यजा मंग."

काकाजींनी काकूंकडे बघितलं. मग एकेक बोट सुटलं. सिस्टरने नळी तपासली, यंत्र बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेव्हा कुठे मी त्यांचं मनगट सोडून स्टुलावर बसलो.

थोड्या वेळाने काकूंना बसवून आम्ही डबा उघडला. त्यांनी तो मांडीवर घेतला, भिंतीकडे तोंड केलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भराभर जेवू लागल्या. काकाजी कुशीवर होऊन बघत होते.

"तिकडं तोंड करून काहून जेवून राहिली?"

"मले कदी कोणी पाह्यलं नाई ना जेवताना," काकू भिंतीलाच म्हणाल्या. "लाज वाटते."

त्यानंतर पिशवी लावताना काकाजींनी कधी अडवलं नाही. जोड हळूहळू भरला. आधी चमचाभर पेज, मग मऊ भात, आणि एक दिवस नळी निघाली. आता ते आंधळगावलाच आहेत. वाटीभर खिचडीत त्यांचं पोट भरतं आणि त्यांच्याकडे बघून मला अजून धास्ती वाटते. काकूंनी मात्र घरी आल्या आल्या आपला जुना क्रम पुन्हा धरला. मी बोललो, बायको बोलली, काही उपयोग झाला नाही. परवा गेलो तर काकाजींचं जेवण आटोपलं होतं आणि ते स्वयंपाकघरात चुलीजवळ नुसते बसले होते. काकू ताट हातात घेऊन म्हणत होत्या, "जा ना बाप्पा बाहेर, मले घास नाई उतरत." काकाजींनी आपला पाट जरा भिंतीकडे सरकवला आणि काकूंचं ताट रिकामं होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.